दुखवट्याच्या घरचं ताट

आमच्या चर्चच्या तरुण मंडळाने यंदा नाताळच्या जुन्या चालीरीतींवर पुस्तिका काढली. तिच्यात माझ्या नावाने छापलंय : मुलं मुंबईला गेली, बायका नोकरीला लागल्या, म्हणून दुखवट्याच्या घरी ताट पाठवायची रीत बंद पडली. हे मीच सांगितलं होतं. धादांत खोटं आहे.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, तिथे नाताळला कढई चढत नसे. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल असं गोडधोड शेजारी पाठवत. आजीच्या काळात इतकी ताटं जात, की ते घर आठवडाभर खात बसे.

माझ्या बहिणीने होडीवरच्या माणसाशी लग्न केलं. आमच्याच धर्माचा, आमच्याच चर्चमध्ये गुडघे टेकणारा. पण आम्ही बागायतदार आणि तो मासे मारणारा. देवबागच्या पुढे त्याची होडी उलटली, तो गेला. त्या नाताळला आईने ताट भरलं, वर फडकं बांधलं. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

"तिच्या घराक आमचा काय एक जाऊचा नाय."

"अरे, चेडू आसा माजा ता!"

"घोव निवडल्यान तेवा तुका इचारल्यान?"

आमचं घर चर्चला लागून. आमच्याकडून काय निघतं ते वाडी बघायची. आमचं ताट गेलं नाही, म्हणून कुणाचंच गेलं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी मयत झाली. लोक म्हणाले, तिथे पाठवलं नाही, मग इथेच का? संपलं. आणि मी आयुष्यभर मुंबईच्या नावाने खडे फोडत बसलो.

बहीण या पावसाळ्यात वारली. परवा भाचीकडे जाऊन सगळं सांगितलं. यंदा ताट मी आणतो म्हटलं. ती पर्यटकांच्या चादरी वाळत घालत होती, थांबलीसुद्धा नाही.

"आवशीक सगळा म्हायत होता, मामा. त्या नाताळाक बरी साडी न्हेसून दोन दिस ताटाची वाट बघीत दारात बसली ती. ताट नको माका. पुस्तकात खोटा छापलंस, ता आधी पूस. मगे ये."

मंडळाच्या पोरांकडे गेलो, खरं काय ते छापा म्हटलं.

"काका, सणाच्या पुस्तिकेत ह्या कित्याक? लोकांका वाईट दिसतला."

लोकांना! दोन दिवस दारात बसली, तिचं वाईट दिसलं नाही कुणाला. दर रविवारी 'माझा अपराध' म्हणत छातीवर मूठ आपटतो आम्ही, आणि अपराध कुठला ते छापायचं म्हटलं की सण आड येतो.

छापू नका. नाताळच्या सकाळच्या मिस्सेनंतर हा कागद मी चर्चच्या दारात उभा राहून वाचणार आहे. भाची ऐकायला येईल की नाही, माहीत नाही. वाडीला मात्र ऐकावंच लागेल.