शिशाच्या ॲप्रनची घडी

आमच्या एक्स-रेच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकायची मनाई होती. डॉक्टरसाहेबांनी नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या, त्यांना तडा जाईल म्हणून. कॅलेंडर नाही, माझी पिशवी नाही, काहीच टांगायचं नाही. त्या एका हट्टापायी काय झालं ते आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

मलकापूरच्या त्या खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. हायवेवर गाडीवरून पडलेले, कापसाच्या जिनिंगमध्ये बोटं सापडलेले, छाती भरलेले म्हातारे, आणि लेकरं. लेकरांचा फोटो म्हणजे वैताग. थंडगार टेबल, वरून आलेलं ते मोठं यंत्र. लेकरू जिवाच्या आकांतानं हातपाय झाडतं आणि फोटो हलतो. मग झाडलोट करणाऱ्या मावशीला हाक जायची. तिनं 'माह्या राजा, माह्या सोन्या' करत लेकराला धरलं की ते दोन क्षण गप्प व्हायचं. तेवढ्यात मी बटण दाबायचो. मी काचेमागं, मावशी लेकराजवळ. दिवसातून चार-पाचदा, कितीतरी वर्षं.

खरं तर लेकराला त्याच्या आईबापानं धरावं. आई गरोदर नसली म्हणजे झालं. एकदाच धरणाऱ्याच्या वाट्याला इतकं थोडं येतं की काळजीचं कारण नसतं. रोज धरणाऱ्याची गोष्ट वेगळी. किरण हाडामांसातून आरपार जातात, काही आतच जिरतात, काही अंगावर आपटून आजूबाजूला उडतात. ते उडालेले किरण जवळ उभ्या माणसाच्या अंगात शिरतात. दिसत नाहीत, चटका बसत नाही. हे सगळं मी शिकलो होतो, परीक्षेत लिहून पास झालो होतो. पण आईबाप घाबरतात, वेळ खातात, बाहेर रांग असते. मावशी पटकन उरकायची. साहेबांना पटकन उरकलेलं आवडायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही.

माझ्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असायचा, दर तीन महिन्यांनी तपासायला जायचा. मावशीला बिल्ला नव्हता, कारण कागदावर ती फक्त झाडलोटीची. तिच्या वाट्याला किरण अडवणारा शिशाचा ॲप्रन तेवढा होता, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, जडशीळ. त्याला ती जिवापाड जपायची. काम झालं की ओल्या फडक्यानं पुसायची, आणि टांगायला जागा नाही म्हणून लुगड्यासारखी चौपदरी घडी घालून स्टुलावर ठेवायची. इतकी नेटकी घडी की बघत राहावं. मी बघतच राहिलो, मूर्खासारखा.

शिशाच्या ॲप्रनची घडी घालायची नसते. घडीवर आतला थर चिरतो आणि वरचं कापड मात्र धडधाकट दिसतं. तो टांगायचा असतो, आणि मधूनमधून त्याचाच एक्स-रे काढून बघायचा असतो. हेही मी शिकलो होतो.

एका दुपारी पेशंट नव्हते. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी ॲप्रन टेबलावर पसरला आणि फोटो काढला. पडद्यावर तो सगळा पांढराफटक दिसायला हवा होता. जिथं जिथं घडी पडायची तिथं तिथं काळ्या फटी होत्या. सगळ्यात रुंद फट बरोबर पोटावर.

"काय झालं भाऊ?" मावशी मागून डोकावली. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे माह्याच हातानं खराब झाला? मी तं नीट घडी करू करू ठेवत होती. सायेबाले नका सांगू हो."

"चुलीत गेला तो ॲप्रन, मावशी! मी तुमच्या पोटाचं बोलून राह्यलो!"

मी इतक्या जोरात ओरडलो की ती भिंतीला टेकली. तिला काही झालं होतं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण कुणी मोजलंच नाही. चीड आली ती याचीच, आणि निम्मी माझी मलाच.

फोटो फिल्मवर छापून मी साहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो खिडकीशी धरून पाहिला. "मागवू नवीन. तोवर चालवा. एवढ्याशानं काही होत नाही."

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेलं तीन वर्षांचं पोरगं घेऊन त्याचा बाप आणि सोबतची माणसं आली, पोराचा हात लोंबत होता. साहेबांनी सवयीनं मावशीला हाक मारली. ती उठलीही.

"मावशी आजपासून लेकरं धरणार नाही," मी म्हणालो. "तुम्हीच धरा साहेब. काही होत नाही म्हणता ना?"

सगळ्यांसमोर बोललो होतो, त्यामुळे त्यांना आत यावंच लागलं. ॲप्रन चढवला, पट्टा आवळला, आणि मग त्यांचा हात पोटावर येऊन थांबला.

"दुसरा ॲप्रन कुठे आहे?"

दुसरा नव्हताच. लेकरू रडून रडून लाल झालेलं. तेव्हा मावशीच पुढे झाली.

"राहू द्या सायेब, द्या तो इकडं. मीच धरतो. तुमाले लेकरंबाळं हायेत."

तिला नव्हती का? दोन लेकी होत्या. आणि साहेबांनी ॲप्रन उतरवला आणि तिच्या हातात दिला.

मी तो तिच्या हातातून हिसकावला, दार उघडून पोराच्या बापाला आत घेतलं आणि त्याच्या अंगावर चढवला. एकदाच धरणाऱ्याला तेवढा पुरे होता. फोटो स्वच्छ आला.

मावशी बाहेर बाकावर बसली होती, माझ्यावर रागावून.

"चार मानसांत सायेबाले असं बोलतेत काय, भाऊ? त्याहीनं मले कामावरून काढलं तं मंग?"