हातातली झोप

लातूर जिल्हा झाला त्या साली, म्हणजे ब्याऐंशीला, गावात नव्या कचेऱ्यांच्या पाट्या चढत होत्या आणि एका गल्लीतल्या बालवाडीत लेकरं सांभाळणाऱ्या सरजाबाईच्या नावानं रोज बोंब चालली होती. तक्रार एकच, ही म्हातारी लेकरांना झोपू देत नाही. लेकरू निजलं रे निजलं की हिनं त्याच्या गालाला ओलं बोट लावलंच. आया भांडायला यायच्या. सरजाबाई सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि आई पाठमोरी झाली की पुन्हा निजलेल्या लेकरापाशी जाऊन बसायची. लोक तिला येडी म्हणत. म्हणोत बापडे! ज्यांनी बहात्तरच्या दुष्काळातला माळ पाहिला नाही त्यांच्याशी काय डोकं लावायचं?

कारण याच बाईच्या हातात झोप आहे असं एके काळी चार गावच्या बायका सांगायच्या.

बहात्तरला पावसानं तोंड काळं केलं तेव्हा हा सगळा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता. अहमदपूरच्या अलीकडं माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं. घरात दाणा नव्हता, त्यामुळं कालपर्यंत एकमेकांच्या सावलीलाही उभे न राहणारे लोक एकाच हजेरीवर आले. बायका हातोडे घेऊन उन्हात बसल्या. त्यांची तान्ही लेकरं सांभाळायला मुकादम शेषेरावानं सरजाबाईला नेमलं. पन्नाशीची विधवा, हाडं मोजून घ्यावीत अशी. हातोडा उचलेना, म्हणून हे काम. निंबाखाली चटयांचा मांडव घातला, त्यात लुगड्यांच्या एकतीस झोळ्या बांधल्या.

पहिले आठ दिवस मांडवात नुसता कालवा होता. एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू. सरजाबाई झोळ्या-झोळ्यांतून फिरायची, लेकराच्या कपाळावरून डोळ्यांपर्यंत तळवा फिरवायची आणि नाकातनं हूं हूं असा सूर धरायची. मग हळूहळू रडणं कमी झालं. एक दिवस असा आला की भर उन्हात, शंभर हातोडे वाजत असताना, मांडव चिडीचूप होता.

“सरजामायच्या हातात झोप हाय गं,” असं पहिल्यांदा बोलली नागुबाई. तिचा व्यंकट सव्वा वर्षाचा, आधी रडून रडून निळा पडायचा. आता झोळीत ठेवला की डोळे मिटायचा. नागुबाईनं ही गोष्ट सगळ्या माळावर केली. सरजाबाईला बरं वाटलं. का वाटू नये? जन्मात कुणी तिला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आता पाटलाची सूनसुद्धा लेकरू तिच्या पुढ्यात आणून ठेवायची.

जगदेवी मात्र आपली पोर द्यायची नाही. लिंगायत वाण्याच्या घरातली सून, गळ्यात लिंग, आणि सरजाबाई पडली बौद्ध. जगदेवी पोरीला खडीच्या ढिगाआड निजवायची. आठ महिन्यांची शिवकांता उन्हानं करपायची आणि किंचाळायची. शेवटी एके सकाळी जगदेवी आली, सरजाबाईच्या तोंडाकडं न बघता पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “हिलाबी निजव.”

तिसऱ्या दिवशी शिवकांता निजली.

आता त्या मांडवात काय व्हायचं ते ऐका. सूर धरून तासभर गेला की सरजाबाईला स्वतःलाच काही तरी होई. डोळे उघडे, पण हातपाय आपले वाटत नसत. हातोड्यांचा आवाज लांब लांब जाई, पार दुसऱ्या गावी गेल्यावाणी. झोळ्यांची रांग वाढत चाललीय, एकतीसच्या पुढंही आहेत, माळाच्या टोकापर्यंत आहेत, असं दिसे. आणि सगळ्या लेकरांचा श्वास तिला आपल्या तळव्यात लागे. कुणी हाक मारली तरी ओ देता येत नसे. आत तिला सगळं ऐकू येई, फक्त बाहेर यायची वाट सापडत नसे. पहिल्यांदा ती भ्याली. मग वाटलं, हीच ती आपल्या हातातली करामत असणार. माणूस भुकेल्या पोटीही स्वतःवर खूश होतं बघा!

एकदा शेषेराव हजेरी घ्यायला मांडवात शिरला आणि दारातच थबकला.

“काय गं, लेकरं हायेत ना हितं?”

“हायेत की. निजून राहिलीत.”

“सगळीच?” त्यानं एका झोळीत डोकावलं आणि मागं सरला. त्यानंतर तो हजेरी बाहेरूनच घ्यायला लागला.

सरजाबाईच्या मनात पाल चुकचुकली ती सटवाईवरून. तान्हं लेकरू झोपेत मधेच हसतं, मधेच ओठ काढतं. बायका म्हणतात, सटवाई येऊन त्याला हसवते, रडवते. छप्पनच्या दीक्षेनंतर सरजाबाईच्या माणसांनी घरातले देव नदीत सोडले, तिनंही सोडले. पण सटवाई थोडीच देव्हाऱ्यात होती? ती लेकरांच्या झोपेत राहायची, तिला कुठून काढून सोडणार! सरजाबाईला त्या हसण्याची सवय होती. सुरुवातीला मांडवात ते रोज दिसायचं, या झोळीत, त्या झोळीत.

आणि एका सकाळी तिच्या ध्यानात आलं की चार दिवसांत एकही लेकरू झोपेत हसलेलं नाही.

ती शिवकांतापाशी जाऊन बसली. दुसरीकडं लक्षच नाही. पोरीच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या, खाली पांढरं दिसतंय. ओठ वाळलेले. तिनं तळवा फिरवला नाही. गाल हलवला. पोर तशीच. पायाला चिमटा काढला. पोर तशीच. मग तिनं मांडीला असा चिमटा घेतला की नखं उमटली. पोरीनं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज निघाला नाही.

“आगं जगदेवे!” सरजाबाई किंचाळली.

जगदेवी धावत आली ती नखांचे वळ बघूनच भडकली. मागोमाग आलेल्या बायकांत कुणीतरी बोललंच, “भानामती हाय ही. लेकरायचा जीव ओढून राहिलीय.” जगदेवीनं सरजाबाईच्या झिंज्या धरल्या. सरजाबाईनं मार खाल्ला, पण पोर काही सोडली नाही. तशीच छातीशी धरून खडीच्या ट्रककडं पळाली. जगदेवी शिव्या देत मागं, आणि शेषेरावानं काही न विचारता दोघींना वर चढवलं. मांडवात बसायला त्यानं लक्ष्मम्मा नावाच्या म्हातारीला सांगितलं.

अहमदपूरच्या दवाखान्यात नर्सबाईनं पोरीला उताणं घेतलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. तिनं साखरेचं पाणी कापसानं पोरीच्या ओठांत पिळायला सुरुवात केली आणि जगदेवीला विचारलं, “दूध येतं का तुला?”

जगदेवीच्या वाट्याला सरकारी लाल मिलो ज्वारीची एक भाकर, तीही दिवसाआड. दूध येणार कुठून?

“पोर रडायची बंद कधी झाली?”

“सरजामायच्या हातानं निजायला लागली तवापासून,” जगदेवी बोलली.

नर्सबाईनं मान वर करून सरजाबाईकडं बघितलं. रागानं नव्हे. “ही झोप नाही, बाई. भुकेलं लेकरू आधी रडतं. मग रडायलाही ताकद राहत नाही. मग असं पडून राहतं. आईला वाटतं, शहाणं झालं.” पाणी पिळता पिळता तिनं विचारलं, “तुझ्याकडं अशी किती आहेत?”

सरजाबाईला उमगलं, तिच्या हातात कधीच काही नव्हतं. एकतीस लेकरं तिच्या डोळ्यांसमोर विझत होती आणि ती खुशाल सूर धरून बसली होती.

तेवढ्यात शिवकांता रडली. बारीक, चिरका आवाज. जगदेवीनं पोरीला उराशी कवटाळलं आणि सरजाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. सरजाबाई थांबली नाही. नर्सबाईनं दिलेली साखरेची पुडी कनवटीला लावली आणि त्याच ट्रकनं माघारी फिरली.

मांडवात लक्ष्मम्मा पदरानं वारा घेत बसली होती. “शाणी हायेत गं लेकरं,” ती म्हणाली. “एकानंबी तोंड उघडलं न्हाई.”

सरजाबाईनं पहिल्या झोळीत हात घातला. चिमटा काढला. रडलं. दुसरी झोळी. रडलं. तोंडात साखरपाण्याचं बोट, की पुढची झोळी. कुणी पटकन रडलं, कुणाला तीन-तीनदा चिमटे काढावे लागले, पण रडली. मांडव पुन्हा कालव्यानं भरला, आणि ती रडत रडत हसत होती. “रडा रे माझ्या बापांनो, वरडा!” माळावरचे हातोडे थांबले. बायका धावत आल्या, भानामती भानामती म्हणत. नागुबाई त्यांच्या आडवी झाली. “हात लावाल तर बघा सरजामायला! माझं लेकरू हिनं जगवलंय.”

तिनं बायकांना बाहेर रेटलं आणि आपल्या व्यंकटच्या झोळीपाशी आली. शेवटची झोळी. सरजाबाई नुकतीच तिथं पोचली होती, तिचा हात आत होता. तिनं चिमटा काढला होता. मग दुसरा काढला होता. मग तळपाय हातात धरला होता, तो अजून तसाच धरलेला होता.

“सरजामाय, ह्याला नगं उठवू बाई,” नागुबाई हळू आवाजात म्हणाली आणि दोरी ओढून झोका द्यायला लागली. “सकाळी तूच निजवलास न्हवं? एवढ्या गलक्यातबी कसा गाढ हाय बघ. झोपू दे जरा.”

सरजाबाईनं दुसऱ्या हातानं झोळी धरून झोका थांबवला.

“नागु,” ती म्हणाली, “लेकराला मांडीवर घे.”