खुर्चीतून न उठणाऱ्या बाई

भुईगावच्या आमच्या वाचनालयात साटमबाई ग्रंथपाल होत्या. पुस्तक मागितलं की त्या खुर्चीतून उठत नसत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, बाई आळशी आहेत. मी म्हटलं, "विहिरीचं पुस्तक द्या."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "बसा तात्या. विहिरीला काय झालंय?"

"पुस्तक द्या म्हटलं ना!"

"देते. पण कशाला हवंय?"

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण कुणाला जाब द्यायची मला सवय नाही. उठलो, दारापर्यंत गेलो आणि तिथून ओरडलो, "पानी मचूळ झालंय! केळी करपतायत!"

तेव्हा कुठे बाई उठल्या. खाऱ्या पाण्यावर कुठली झाडं तग धरतात, त्याची पुस्तिका काढून दिली. विहिरीचं तिच्यात अक्षर नव्हतं. आज माझ्या वाडीत केळींच्या जागी नारळ उभे आहेत.

"माणूस आधी मागतो ते वेगळंच असतं तात्या," बाई म्हणत. "हवं असतं ते पोटात ठेवतो."

रविवारी बाई तिथेच ग्रंथपालनाचा वर्ग घेत. पुस्तकांना नंबर कसे द्यायचे, कपाटं कशी लावायची, सगळं शिकवत. परीक्षेला मात्र मला बोलावत. "तुमच्याएवढा हट्टी वाचक मला कुठे मिळणार?" म्हणत. मी इस्त्रीचा सदरा घालून जाई.

एका वर्षी सायली नावाची मुलगी होती. वालीवच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करून शिकायची. सगळे नंबर तोंडपाठ. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिच्याकडे विहिरीचंच पुस्तक मागितलं. पोर धावत गेली आणि विहीर खणायचं पुस्तक घेऊन आली. बाईंनी तिला नापास केलं.

सायली रडायला लागली. मी म्हटलं, "बाई, करा पास. केवढी धावली पोर!"

"तिथेच तर चुकली."

वाचनालयाचे कार्यवाह तापले. "हल्ली सगळं फोनवर मिळतं म्हणून आधीच वर्गाला कुणी येत नाही. त्यात नापास करताय? वर्ग बंद पडेल बाई!"

"पडला तर पडला," बाई म्हणाल्या. "धावायला फोन आहेच. विचारणार कोण?"

पुढच्या वर्षी खरंच नवं कुणी आलं नाही. सायली तेवढी परत आली. तिच्या एकटीसाठी बाईंनी वर्षभर फळा भरला.

परीक्षेला मी म्हटलं, "पातळसं पुस्तक दे." हे काही बाईंनी पढवलेलं नव्हतं. मला खरंच हवं होतं.

सायली जागची हलली नाही. "मागचं कुठवर वाचलंत तात्या?"

"तिसऱ्या पानापर्यंत."

"गोष्ट आवडली नाही?"

"गोष्टीला काय धाड भरलीय? मुंग्यांएवढी अक्षरं छापतात मेले!"

आता ती उठली आणि मोठ्या टाइपाचं एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. बाई चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

आता बाई निवृत्त होऊन गावी कणकवलीला गेल्या. वर्ग टिकला. यंदा चार पोरं आहेत, शिकवायला नवे सर आहेत, पण परीक्षेला बोलावणं मलाच येतं. बाईंच्या खुर्चीत सायली बसते.

ते जाडजूड पुस्तक संपवून परवा परत द्यायला गेलो. म्हटलं, "दुसरं दे."

ती खुर्चीतून उठली नाही. "बसा तात्या," म्हणाली.

मी ऐसपैस बसलो.