माठातला जावई

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले लग्न अंजिराच्या रोपाशी लागले. त्या लग्नात अंतरपाट मी धरला होता.

आमच्या घरात मीच पहिला शिकलेला. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून मॅट्रिकपर्यंत मी जळगावला एका सधन शेतकऱ्याच्या घरी राहिलो. घरधन्यांना मी नाना म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला अक्का. नात्याचे ते कोणी नव्हते. तरी त्यांनी मला ओसरीवर जागा दिली, दोन्ही वेळा पोटभर वाढले, आणि मी किती वर्षे राहणार हे एकदाही विचारले नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत वाचून कोणी त्या माणसांना दुष्ट म्हणू नये. मी त्यांच्या अन्नावर वाढलो. आजही पानावर बसलो की मला नाना आठवतात.

बी.ए. होऊन पुण्याहून निघालो तेव्हा कॉलेजच्या बागेतल्या माळ्याने मला एक भेट दिली. रॉकेलच्या डब्यात लावलेली, नुकती मुळे धरलेली अंजिराची फांदी. पाचोऱ्याला उतरून बैलगाडीने घरी पोहोचेपर्यंत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी आल्यावर तो बहिणीला दिला. तिने तो न्हाणीशेजारी ठेवला. अंजिराचे पान माणसाच्या पंजासारखे असते. नवे पान फुटले की ती आपला पंजा त्यावर ठेवून बघायची, कोण मोठे.

त्याच हिवाळ्यात नानांच्या मधल्या मुलासाठी तिला मागणी आली. आम्हांला ते स्वप्नातही आले नसते. आबा, म्हणजे आमचे वडील, दोन दिवस गावात उगाचच हिंडत राहिले, कोणी विचारावे म्हणून. मग जोशीबुवांनी पत्रिका पाहिली आणि तिला कडक मंगळ निघाला. अशा मुलीचा पहिला नवरा जगत नाही, असे आमच्याकडे मानतात. आता नाही म्हणतील, असे आम्ही धरून चाललो होतो. पण अक्का स्वतः गाडी जुंपून आमच्या गावी आल्या.

"मुलगी कामाची आहे, मला हवी आहे," त्या म्हणाल्या. "आधी झाडाशी लावून टाका. मरण झाडावर जाईल. झाड वाळलं की वैशाखात आमच्या पोराशी लावू."

आबा म्हणाले, "उंबर आनू का?"

"अहो, उंबरात दत्त राहतो. तो वाळवायचा म्हणजे नवं पाप. पिंपळाला तर हातही नको." अक्कांनी अंगणभर नजर फिरवली. "हे डब्यात काय आहे?"

"अंजीर," मी म्हणालो.

"कोणाच्या जातीचं?"

मी पुस्तकात शिकलो होतो ते सांगितले. "वड, पिंपळ, उंबर, अंजीर, सगळे एकाच कुळातले."

"आणि यात देव?"

"तसं कुठे ऐकलं नाही."

"मग हाच जावई," अक्का म्हणाल्या. "कुळ चांगलं आणि मागे कोणी रडणारं नाही."

सगळे हसले. जोशीबुवाही हसले. बहीण चुलीपाशी होती, तिला ऐकू गेले.

लग्न माघात लागले. नवरदेव रॉकेलच्या डब्यात उभा राहणे जोशीबुवांना पसंत नव्हते. म्हणून पाणी भरायचा एक कोरा माठ आणला. डबा पत्र्याच्या कात्रीने कापला, रोप हिसडून बाहेर काढले, मुळांची माती झटकली. बारीक मुळे तुटून हातात आली ती कोणीतरी चुलीत टाकली. माठात शेतातली काळी माती ठासून भरली आणि रोप तीत खोचले. माठाला पाणी जायला भोक नव्हते. भोक असलेला माठ शुभकार्यात कसा चालेल? मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, बहिणीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. मग गल्लीतल्या बायांनी जावयाला न्हाऊ घालायचे म्हणून प्रत्येकीने तांब्या तांब्या पाणी ओतले.

आठवडा उलटायच्या आत पाने खाली लोंबली. मग कडा पिवळ्या पडल्या आणि एकेक पान गळू लागले. घरात आनंद झाला. शेजारणी सकाळी दळणाला जाताना दारातून विचारायच्या, "जावईबुवांची तब्येत कशी शे?" आणि आतून कोणीतरी उत्तर द्यायचे, "धाप लागनी वं माय, धाप." पोरे माठाभोवती रडण्याचे सोंग करून नाचत.

एका दुपारी बहीण माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"भाऊ, हाई मरी ऱ्हायनं का?"

"तसंच दिसतंय."

"तू याले पुन्याहून जित्तं आनं. जगाडता येस का?"

मी तिला समजावले. हे झाड मेले तरच तिचे लग्न होणार होते, नानांच्या घरी, जिथे मला कधी उपाशी निजावे लागले नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माय रोज सांगस, नवऱ्याले जप, नवऱ्याले जप. याले नही जपं तर त्याले कशी जपसू?"

मी नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवे होते, चीकही आला. झाड मेले नव्हते, बुडत होते.

माळ्याने निघताना सांगितले होते तेवढेच मला माहीत होते, पण तेवढे पुरले. दाभण फिरवून फिरवून माठाच्या बुडाला भोके पाडली. साचलेले पाणी बाहेर आले त्याला सडका वास होता. आम्ही काळी माती हलकेच काढली, काळी पडलेली मुळे कापली, तळाशी खापऱ्या घातल्या आणि नदीची रेती मिसळून माती पुन्हा सैल भरली. मुळे कमी झाली होती, म्हणून वरच्या दोन फांद्याही छाटल्या. थोड्या मुळांवर फार पसारा पोसवत नाही. मग माठ गोठ्यामागे सावलीत नेला आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधले. शेणखत घालायला ती निघाली होती, मी थांबवले. आजाऱ्याला कोणी पुरणपोळी देते का? पाणीही रोज नाही. बोट मातीत खुपसायचे, आत कोरडे लागले तरच घालायचे. छाटताना चीक लागून तिच्या बोटांवर फोड आले. ते तिने कोणाला दाखवले नाहीत.

पुढे बरेच दिवस काहीच घडले नाही. उभी काडी तेवढी राहिली. ती रोज बोट खुपसून पाही आणि बहुधा पाणी न घालताच परत येई. मला ते कठीण वाटे. पाणी घालणे सोपे असते, न घालता वाट बघणे अवघड.

मग एके सकाळी मातीवर पांढरा थर दिसला. मी चाटून पाहिले. मीठ होते. त्या दिवशी वरणात मीठ नव्हते आणि माय जेवताना वर बघत नव्हती. आबांनी अळणी वरण निमूट खाल्ले. मीही खाल्ले. बहिणीने जेवण होताच तीन-चार घागरी पाणी ओतून माती धुऊन काढली. भोके होती म्हणून मीठ वाहून गेले. मायशी ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मायही बोलली नाही. त्यानंतर मिठाची बरणी मात्र वरच्या फळीवर गेली. तिथे ठेवणारी मायच होती.

होळीनंतर शेंड्याला टोकदार हिरवा कोंब आला. बहिणीने मला हाताला धरून नेऊन दाखवला. तिच्या तोंडावर तसे हसू मी पुन्हा पाहिले नाही.

चैत्रात अक्का आल्या. सोबत जोशीबुवा. माठ अंगणात आणायला लावला. झाडाला पंजाएवढी पाने आली होती. अक्कांनी एक पान उलटून पाहिले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"म्हणजे मुलीनं याला जगवलं," त्या हळू आवाजात आबांना म्हणाल्या. "आणि मरण कोणासाठी राखून ठेवलं? माझ्या पोरासाठी?"

आबा बहिणीकडे वळले. "बेटा, झाड शे ते. उपटी टाक."

"झाड व्हतं तर अक्षता कसाले टाक्यात, आबा?"

तिच्या थोबाडीत बसली. आबांनी तिच्यावर हात टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला. ती रडली नाही, पण माठापासून हललीही नाही.

आता उपटायचे कोणी? आबा म्हणाले, मी सासरा, जावयाचे मरण माझ्या हातून कसे? जोशीबुवा म्हणाले, मंत्र म्हणणाऱ्याने मोडू नये. अक्कांच्या गड्याने तर अंगणाबाहेर जाऊन तंबाखू मळायला घेतली. मग अक्कांनी माझ्याकडे पाहिले.

"हा बी.ए. झालाय. हा काही मानत नाही. याला पाप लागायचं नाही."

सगळ्यांच्या तोंडावर सुटका दिसली. आबा तर जवळजवळ हसले. माझ्या शिक्षणाचा घराला असा उपयोग होईल, हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

मी म्हणालो, "अक्का, तुमचं सांगितलेलं मी आजवर मोडलं नाही. पण अंतरपाट मी धरला होता. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

अक्का एवढेच म्हणाल्या, "आमचं मीठ अळणी निघालं."

लग्न मोडणार असे वाटत असतानाच जोशीबुवांनी वाट काढली. नवरा घर सोडून संन्यासी झाला तर तो संसाराला मेल्यासारखाच. झाडाला संन्यास द्यावा. मला धुळ्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली होती, मी ते तिकडे न्यावे, मुलीने पुन्हा त्याचे तोंड पाहू नये. अक्कांनी विचार केला. मंडपवाल्याला विसार गेला होता. त्या हो म्हणाल्या.

माझी गाडी निघताना बहिणीला दारात बसवले आणि गल्लीतल्या एका विधवा म्हातारीने दगडाने तिच्या हिरव्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात गेली. म्हातारी म्हणाली, "रड ना वं. रीत शे." तेव्हा ती रडली. वैशाखात त्याच मनगटात नव्या बांगड्या भरल्या आणि ती जळगावला गेली.

धुळ्याला माझ्या खोलीपुढच्या पडवीत अंजीर चांगला वाढला. माठ पुरेना म्हणून मी त्याला लाकडी पिंपात हलवले, या वेळी मुळांची माती तशीच ठेवून. एक पानही गळले नाही. जळगावला मी जात असे. अक्का पूर्वीसारखेच वाढत, फक्त मीठ वाढताना माझ्या पानाकडे बघत. बहिणीच्या नवऱ्याला शिंक आली तरी त्या तिला ऐकवत, "धुळ्याचा बरा असेल ना?" नणंदा तिला दोन नवऱ्यांची म्हणत. नवरा स्वभावाने चांगला होता, पण तोही खोकला झाला की तिच्याकडे बघायचा. मी विचारले तर ती म्हणे, "मले काय व्हयनं? खाऊन-पिऊन सुखी शे."

तिसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला. डॉक्टर येत होते, औषध चालू होते. ताप उतरेना. आणि एका सकाळी ती धुळ्याला माझ्या दारात उभी राहिली. दीर गाडीपाशीच थांबला होता. ती वाळून गेली होती. मी पाणी दिले ते तिने घेतले नाही.

"कोठे शे?"

मी पडवीकडे बोट दाखवले. त्या वर्षी झाडाला पहिली फळे धरली होती, हिरवी, सुपारीएवढी. ती जवळ गेली. एका पानावर तिने आपला पंजा ठेवला. पान मोठे होते. मग दोन्ही हातांनी खोड धरून ती उपटू लागली.

झाड हलेना. आम्हीच त्याला इतके बरे केले होते. ती पाय पिंपाला टेकवून ओढत होती, हातांवर चीक ओघळत होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती. कान दिला तेव्हा समजले. "जाय ना. जाय ना रे आते."

"अगं, त्याचा ताप या झाडानं आलेला नाही," मी म्हणालो.

"तुले माहीत शे. मले बी माहीत व्हतं," ती म्हणाली. "भाऊ, हात लाव."

अक्कांना मी नाही म्हणू शकलो होतो. हिला म्हणता आले नाही. आम्ही दोघांनी मिळून ओढले. मुळे सोडत नव्हती, मग कोयत्याने तोडावी लागली. झाड पडवीत आडवे पडल्यावर तिने त्याची फळे एकेक करून तोडली आणि पायाने चिरडली. कुंकू पुसून ते पुन्हा लावले. गाडीत बसताना तिने मागे पाहिले नाही.

मुदतीचा ताप मुदत संपली की उतरतो. तिच्या नवऱ्याचाही उतरला. तो पुढे पुष्कळ जगला. नानांनी नातवाच्या बारशाला मला मुद्दाम बोलावले आणि चार लोकांत माझे हात हातात घेतले. अक्कांनी माझ्या पानावर स्वतः मीठ वाढले आणि पंगतीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "शेवटी शिकलेला माणूसच कामाला आला."

बहीण तूप वाढत होती. तिनेही मान डोलावली. ती ते मनापासून मानत होती.