अकरा पानांचा काळपुरुष

आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला फसवलं. माझ्या तोंडातून निघालेले शब्द त्यांनी भर गावात स्वतःच्या नावावर करून घेतले. मी बैलांचा व्यापारी. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या आसपास मला फसवून गेलेला माणूस शोधावा लागतो, म्हणून हे जास्त टोचतं.

मी तांड्यावरचा. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतो. मराठी मी सातवीपर्यंत शाळेत शिकलो आणि पुढची बाजारात. बाजारच्या मराठीत दात, खांदा, चाल आणि खोड एवढ्यावर आयुष्य निघतं. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं, आज दावणीला जे उभं आहे ते या जिभेनं आणलेलं आहे. तरी गावच्या सभेत मी उठलो की माणसं हसू दाबतात. मुख्याध्यापक सर तर एकदा म्हणाले होते, "शेठ, मुद्दा सांगा, भाषा राहू द्या."

त्याच सरांनी शाळेच्या वर्धापनदिनाला नाटक ठरवलं. कपाटातून कव्हर फाटलेलं एक जुनं पुस्तक निघालं: राजा, त्याचा फितूर दिवाण आणि जडजड मराठी. स्टेज करायला माझ्या दोन ट्रॉल्या पाहिजेत म्हणून सर स्वतः तांड्यावर आले.

"ट्रॉल्या देतो," मी म्हणालो, "पण मला पार्ट पाहिजे."

"पहारेकऱ्याचा आहे की."

"पहारेकरी काय बोलतो?"

"‘कोण आहे तिकडे?’ असं म्हणतो."

"मंग ट्रॉली बी तेवढीच देतो. एक चाक घेऊन जा."

सर हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत टेबलावर सगळ्यांच्या नकला मांडलेल्या होत्या. नक्कल म्हणजे ज्याची त्याची वाक्यं तेवढी वहीत उतरवून काढलेली. सगळं नाटक कोणाच्याच हातात नसतं. मी एकेक वही तळहातावर तोलली. राजाची सहा पानं, दिवाणाची सात. एक वही अकरा पानांची होती आणि तिच्यावर लिहिलं होतं ‘काळपुरुष’.

"ही घेतो."

"शेठ, तिच्यातलं मराठी लई जड आहे."

"जड उचलायची सवय आहे आमाला."

सर म्हणाले, "बघा, नंतर तक्रार नको." बाजारात कोणी असं म्हणालं की मी त्याच्या बैलाचं तोंड दुसऱ्यांदा उघडून बघतो. त्या दिवशी बघितलं नाही.

पहिल्याच पानावर होतं, ‘हे राजा, असा किंकर्तव्यमूढ होऊन उभा राहू नकोस! ही प्रतारणा तुझ्याच औदासीन्याचं फळ आहे!’ मी वही मिटली आणि चहा मागितला.

अर्थ कळल्याशिवाय मी काही घेत नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "पाठ करा हो, पब्लिकला कुठं कळतंय." ‘अनिर्वचनीय’ म्हणजे काय, तर म्हणाले, "म्हणजे... मोठं." मी शाळेतला शब्दकोश घरी आणला. त्यात होतं, शब्दांत सांगता न येण्याजोगं. सरांचं माप मला तिथेच कळलं.

मग मी शब्दांना माझ्या पद्धतीनं धरलं. आधी तोंड उघडून बघायचं, म्हणजे शब्द फोडायचा: किं, कर्तव्य, मूढ. मग चालवून बघायचा. जीपच्या हॉर्नला रस्त्यात मधोमध थांबलेलं वासरू, तो किंकर्तव्यमूढ. बैल मनात भरलेला असताना गिऱ्हाईक आभाळाकडे बघतं, ते औदासीन्य. पहिल्या बोलीला शेतकरी जेवढा खाली उतरतो, तेवढं यत्किंचित. निर्भर्त्सनेसाठी मला लांब जावं लागलं नाही, सासूबाई आमच्याकडेच असतात. सेनगावला, हिंगोलीला जाताना जीपमध्ये मी पुटपुटत बसायचो. शेजारच्या बायका सरकून बसायच्या.

घरी नक्कल धरायला बायको. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, दहावी. एक दिवस वहीवरून मान वर करून म्हणाली, "तुमी एवढं बोलून राहिले, पण समोरचं कोणी उत्तर काहून देत न्हाई?"

"राजा हाय तो. लाजंनं गप बसतो."

"आन् दिवाण? तो बी लाजला?"

"तू वाच गं पुढं."

तालीम म्हणजे वर्गात सतरंजीवर गोल बसून वाचन. कोणी उभं राहतच नव्हतं, त्यामुळे स्टेजवर कोण कुठे असणार हे कळायला मार्ग नव्हता. माझी पाळी आली की मात्र सगळे माना वर करायचे. ‘पश्चात्तापदग्ध’ मी एका दमात म्हणालो तेव्हा राजा झालेला गणिताचा मास्तर म्हणाला, "शेठ, पुन्हा एकदा म्हणा बरं." मी तीनदा म्हणालो.

नाटक दुपारी चारला ठेवलं होतं. हिंगोलीहून मी काळा झगा भाड्यानं आणला होता. भुवया रंगवल्या, कपाळाला राख लावली. अख्खा तांडा पुढच्या रांगेत बसला होता. मी ट्रॉलीवर पाय ठेवणार तेवढ्यात सरांनी दंडाला धरून पडद्यामागे नेलं आणि छापील पुस्तक माझ्यापुढे उघडलं. तिथे होतं, काळपुरुष, आणि पुढे कंसात ‘पडद्याआडून’. वाक्यं सगळी उतरवली होती, कंस तेवढा राहिला होता.

"हे वहीत काहून न्हाई?"

"शेठ, सांगितलं असतं तर ट्रॉल्या आल्या असत्या का?"

गणपतीला लावतात तशी गाणी थांबली, घंटा झाली, माझ्या हातात माइक आला. भांडायला वेळच नव्हता. मी बोललो. खरं सांगतो, पहिलं वाक्य कर्ण्यांतून बाहेर गेलं आणि बाहेर रडणारी पोरं गप्प झाली. अकरा पानांत एक शब्द सांडला नाही. ‘अनिर्वचनीय’ला तर टाळ्या पडल्या. सर पलीकडे घंटेपाशी होते, पडद्यामागे मी एकटा उभा होतो, कपाळाची राख घामानं डोळ्यांत उतरत होती आणि मला कसलीच तक्रार नव्हती.

नाटक संपलं. सरपंचांनी माइक घेतला. "काळपुरुषाचा आवाज आपल्या सरांचा होता हे काय सांगाय पाहिजे का? अशी शुद्ध भाषा गावात दुसऱ्या कोणाच्या तोंडात हाय?" शाल आली, नारळ आला. सरांनी हात जोडले, मान वाकवली, आणि शाल खांद्यावर घेतली.

मी पडदा फाडूनच बाहेर आलो. आता इथे चूक माझी झाली, ती मी लपवत नाही. कृतघ्न, प्रतारणा, अपहार, सगळे शब्द माझ्याकडे तयार होते. रागात एकही आला नाही. जे आलं ते बैलबाजारातलं होतं आणि लिहिण्यासारखं नाही. माणसं पोट धरून हसली. मागून कोणी तरी ओरडलं, "हे तोंड आन् ते बोलणं? कायबी सांगता राव!" तांड्यावरची माणसं ओरडत होती, आमचाच आवाज हाय म्हणून. त्यांना कोण विचारतो. राजा आणि दिवाण दोघंही सरांच्या हाताखालचे शिक्षक. ते म्हणाले, आम्ही समोर बघत होतो.

चार दिवसांनी राग उतरल्यावर मी सरांच्या घरी गेलो.

"मी कुठं म्हणालो माझा आवाज आहे? लोकच म्हणाले."

"मंग ‘माझा न्हाई’ असं काहून म्हणले न्हाई?"

"भर सत्कारात सरपंचांना खोटं पाडू? आणि शेठ, शब्द तर तुमच्याकडेच राहिले ना!"

ते राहिले, हे बराबर. परवा बाजारात एक गिऱ्हाईक माझ्या खिलारी बैलाला पाठ करून उभं होतं. मी म्हणालो, "दादा, तुमचं औदासीन्य मला कळलं, आता भाव बोला." तो इतका गांगरला की बोलून गेला.

पण शब्द माझ्याकडे आहेत हे गावाला कुठे माहीत आहे? सभेत मी उठलो की अजून तेच हसू. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतात. निरोपाला पुन्हा मांडव पडेल, पुन्हा माइक लागेल. शाल त्यांनी खुशाल ठेवावी. फक्त माइक हातात घेऊन गावाला सांगावं की त्या दिवशी पडद्यामागे कोण बोललं. आणि तेव्हा हात जोडून गप्प का बसले, याचंही उत्तर तिथेच द्यावं, माझ्या तांड्यासमोर.