धूर माह्या हातचा होता

फोन कानाले नीट लाव पोरी, आणखी जवळ. एवढी शिकली, तरी पत्रात लिहितेस, "आत्याआजीचा नवरा विमान पडून मेला." पडताना पाह्यलं कोणी? काऊन लिहितेस असं?

ऐक. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. ही तुही आत्याआजी, माही नणंद, लग्नानंतरच्या पहिल्या होळीले माहेरी आली होती. तिचा नवरा विमानात सामान सांभाळाच्या कामावर. वडस्याच्या तारघरातून तार आली: विमान इकडच्या जंगलावरून गेलं, पुढं पोचलं नाई, शोध सुरू आहे.

तारेत तेवढंच. पण आमच्या अंगणात गावातला एक जण म्हणाला, "विमान गेलं त्याच दिवशी म्या पहाडीवर धूर पाह्यला." दुसरा म्हणे, "धडाम आवाज म्या आयकला." दिवस मावळेपर्यंत तिसऱ्यानं तुटलेले पंख बी पाह्यले! सासू रडत म्हणाली, "उद्या बांगड्या फोडा पोरीच्या."

मोहफुलं वेचाच्या आधी आम्ही झाडाखालचा पाला जाळतो, म्हणजे साफ जमिनीवर फूल दिसते. त्या दिवशी पहाडीवर पाला जाळणारी मीच. जंगलात आग लावाले मनाई, सासऱ्यांनी बजावलं बी होतं. म्हणून चूप राह्यली.

सकाळी नणंदेले पाटावर बसवलं, दगड आणला, तवा म्या तोंड उघडलं. "तो धूर माह्या हातचा होता."

"आता सांगून राह्यली काय, भवाने?" सासू ओरडली. "जंगल जाळून आली अन् इथी गरीब गाय होऊन बसली!"

पुरुष पहाडीवर गेले. मोहाखाली राखेचा गोल, त्यात माहा अर्धा जळालेला खराटा. लोखंडाचा तुकडा नाई.

नणंदेनं माहा हात धरला. "वहिनी, म्हणजे ते जिते हायेत?"

धूर कोणाचा ते मले ठाऊक होतं. त्याच्यापुढचं नाई. तेवढंच बोलली.

विमान सापडलंच नाई. दुसऱ्या लग्नाचं कोणी काढलं की ती भरल्या बांगड्यांचे हात पुढं करे. कधी वाटते, खरं बोलून म्या तिले बांधूनच ठेवलं. पण पाल्याच्या धुरावर तिच्या बांगड्या फुटू देणं, तेही जमलं नसतं.

आता तिले दिसते कमी. कोणी आलं की विचारते, "काही कळलं काय?" तुलेही विचारेल. मेला म्हणू नोको, येईल बी म्हणू नोको. नुसती जवळ बस. पण लवकर ये बाई, तिच्या बांगड्या मनगटावरून घसराले लागल्या.