अफसानाची ज्युनियर

मलकापूरच्या बशीर गादीवाल्यांची अफसाना सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने नवी पद्धत काढली होती. पहिल्या वर्षाच्या चार-पाच मुलांमागे एक सीनियर, त्याने त्यांचं काय अडतंय ते बघायचं. अफसानाने हौसेने नाव दिलं खरं, पण स्वभाव काळजीचा. एखाद्या ज्युनियरने मेसेजला उत्तर दिलं नाही की हिचा घास घशाखाली उतरत नसे.

तिच्या गटातली दीपमाला आटपाडीची. लॅबमध्ये सर इंग्रजीत भराभर सांगत आणि ही नुसती स्क्रीनकडे बघत बसे.

"समजलं नाही तर उभी राहून विचार की. कोण खातंय तुला?" अफसाना म्हणाली.

दीपमालाने विचारलं. सर म्हणाले, "एवढंही येत नाही तर इथे आलीस कशाला?" अख्खी बॅच हसली.

हे अफसानाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, दीपमालाच्या रूममेटकडून. दीपमाला सकाळीच "गावी जाते" म्हणून हॉस्टेलवरून निघाली होती. फोन बंद. अफसानाने या गटांचं काम बघणाऱ्या मॅडमना गाठलं, घरचा मोबाईल नंबर घेतला. फोन आईने, चंद्राबाईंनी उचलला.

"दीपमाला? ती तितंच हाय की कालिजात. का गं?"

एव्हाना ती घरी पोचायला हवी होती. "काही नाही, मावशी" असं अफसानाच्या अगदी ओठांवर आलं, पण तिने खरं ते सांगितलं. पलीकडे चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. मग, "म्या निघते."

मॅडम कॉलेजभर शोधायला लागल्या, अफसाना रिक्षाने सांगलीच्या स्टँडवर गेली. वाटेत नाही नाही ते मनात येत होतं. दीपमाला कडेच्या बाकावर बसलेली दिसली. आटपाडीच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. ही जागची हलत नव्हती.

"अगं, किती घाबरवलंस!"

"घरी जाऊन काय सांगू, ताई? आबांनी गावभर सांगितलंय, पोरगी इंजिनिअर व्हणार म्हणून."

"चूक माझीये. मी तुझ्यासोबत सरांकडे यायला हवं होतं." अफसाना तिच्या शेजारी बसली. "तुझी आई निघालीय."

"तिला कशाला सांगितलंस?" म्हणत दीपमाला रडायला लागली.

दीपमाला स्टँडवर सापडल्याचं अफसानाने मॅडमना, मग चंद्राबाईंना कळवलं. तरी चंद्राबाई आल्याच. गाडीतून उतरून त्यांनी आधी लेकीला जवळ घेतलं, मग अफसानाकडे वळल्या.

"तूच व्हय ती ताई? फोन केलास ते बरं केलंस. पर पोरीला चारचौघांत उभं करायच्या आधी इचार करायचा व्हता."

मायलेकी आटपाडीच्या गाडीत बसल्या.

मॅडम सरांशी बोलल्या. आठवडाभराने दीपमाला परतली, पण तिने दुसरी सीनियर मागून घेतली. "ताईसमोर मान वर व्हत न्हाई," एवढंच ती मॅडमना म्हणाली. अफसानाला ते फार लागलं. तेव्हापासून कुणा ज्युनियरला सरांकडे पाठवायचं झालं, तर ती स्वतः सोबत जाते.

दीपमालाचा प्रोग्रॅमिंगचा पेपर राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला. परवा ती कँटीनमध्ये अफसानासमोर येऊन बसली. पोहे खाल्ले, नव्या रूमबद्दल बोलली. लॅबमध्ये आता कसं चाललंय, हे अफसानाला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही.